आडमुठा ट्रेलर

“आणखी किती सरकू? पाठीमागं स्वयंपाकघर आहे म्हटलं.”

भिंत इतक्या हळू पुटपुटली की ते फक्त हेमलताला ऐकू गेलं, कारण तिचा कान भिंतीलाच टेकलेला होता. भिंतीला कान लावून ऐकायची तिला काही सवय नव्हती. पण मगदूमांचं स्वयंपाकघर आता इतकं अरुंद झालं होतं की शेगडीपुढं उभं राहायचं तर डोकं भिंतीला टेकवूनच उभं राहावं लागे. पलीकडच्या बोळकंडीतून तिचे यजमान, बाहुबली, आंघोळीला निघाले होते. त्यांची चप्पल वाजली तशी भिंत अंग चोरून आणखी चार बोटं आत आली. उप्पिटाची कढई तिरकी झाली. बाहुबली ताठ मानेनं, कुठंही हात न लावता, मधोमध चालत निघून गेले.

दिवाळीपासून हे असं चाललं होतं. बाहुबली जिकडं जातील तिकडं वस्तू त्यांना वाट देत. दाराच्या चौकटी रुंद होत, स्टूल पाय गोळा करून भिंतीशी जाऊन बसे, फाटकातली स्कूटर स्वतःच स्टँडवरून उतरून कडेला होई. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, हेमलतालाही सुरुवातीला वाटलं नाही. घरच्या कर्त्या माणसाला वाट दिली तर बिघडलं कुठं? पण सरकलेली वस्तू कुठंतरी जाणारच, आणि ती न चुकता हेमलताच्या बाजूला येई. पलंगाचा बाहुबलींकडचा भाग रंकाळा तलावाच्या काठासारखा ऐसपैस झाला होता आणि ती कुशीवर झोपत होती, कारण पाठ टेकायला जागाच उरली नव्हती. तिचं कपाट पुठ्ठ्याइतकं पातळ झालं होतं. त्यातल्या साड्या आपोआप इस्त्री होऊन निघत, हा एक फायदा म्हणायचा.

पेपरचंही तेच. बाहुबलींनी पेपर उघडला की अक्षरं फुगत. आधी मथळे फुगले, मग बातम्या. आता एका पानावर एकच अक्षर मावत होतं, आणि ते तेच पान तासभर धरून बसत. मग “काय दिवस आलेत,” असं म्हणून घडी घालत.

हेमलताला संशय येऊ लागला तो इथून. वस्तूंना आपली आपण इतकी अक्कल येत नाही. यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं. तिचा पहिला संशय धाकट्या दिरावर, सन्मतीवर होता. सन्मती जन्मापासून घुम्या. पण हल्ली दादाच्या पुढं चालताना तो सारखा किल्ल्या खुळखुळवत होता आणि उगाच बोलत होता. “आलो बरं का दादा. हां, इथं मी बसलोय. चहा आला दादा, तुझ्या उजव्या हाताला ठेवलाय.” इतका गोडवा त्याला कधी सुचला होता? आणि आणखी एक. त्या घरात “बघा” हा शब्द कुणी उच्चारेनासं झालं होतं. कोल्हापुरात वाक्यागणिक “बघा” म्हणायची चाल. इथं मात्र सगळे “ऐका” म्हणत. पाहुणेसुद्धा दोन मिनिटांत ते शिकत. हेमलताही म्हणत होती. आपण केव्हा शिकलो, ते तिला आठवत नव्हतं.

अशात एके सकाळी बाहुबली उप्पीट खाता खाता म्हणाले, “यंदा ट्रेलर घेऊया.”

“कशाला?” हेमलतानं विचारलं.

“गाडी ट्रॅकवर न्यायला. रविवारी शर्यत आहे न्हवं.”

बाहुबलींची गाडी म्हणजे दोनच माणसांची, पिवळी, पालीसारखी जमिनीला चिकटलेली. फौंड्री चालवून उरलेल्या हौसेत त्यांनी ती घेतली होती आणि दरवर्षी ट्रॅकवर पळवली होती. ट्रॅकपर्यंत ती ते स्वतः चालवत नेत. हायवेवर तिचा आवाज काढत, ट्रकवाल्यांना हात करत. ट्रेलरवर गाडी नेणाऱ्यांना ते हसत. नवरा मुलगा कडेवर बसवून मांडवात नेल्यासारखं वाटतं, म्हणत.

“आजवर कधी लागला नाही ट्रेलर,” हेमलता म्हणाली.

“ट्रॅकची टायरं रस्त्यावर झिजतात.”

“झिजतातच वैनी,” सन्मती घाईनं म्हणाला. “लई झिजतात.”

दोघंही अगदी खरं बोलत होते, आणि म्हणूनच तिचा संशय दुप्पट झाला. तिनं बाहुबलींकडं पाहिलं. ते बशीत चमचा टेकवत होते आणि उप्पीट चमच्याखाली सरकून येत होतं.

त्या रात्री तिला झोप आली नाही. तिच्या मनात एकच हिशेब घोळत होता. भिंत सरकते ती चालत्या माणसासाठी. ताशी दीडशेनं येणाऱ्या माणसासाठी ती वेळेवर सरकेल? ट्रॅकच्या वळणांना कुणी सांगितलं असेल? आणि सांगितलं असलं, तरी वळण ऐकेल का? रविवारपर्यंत कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. कुणी, ते तिनं ठरवलं नाही. आपण सोडून कुणीही चाललं असतं.

शुक्रवारी ते ट्रेलर निवडायला निघाले. ट्रेलर गाडीच्या मापाचा हवा, म्हणून गाडी चढवूनच बघायची होती. हायवेला लागून इलाही मुजावरांचं यार्ड होतं. ते ट्रेलर बांधायचे आणि जुने घेऊन विकायचेही. सन्मती बोलेरो घेऊन पुढं निघाला. त्याचा हॉर्न सारखा वाजत होता. पिवळी गाडी बाहुबलींनी घेतली आणि हेमलता त्यांच्या शेजारी बसली.

“तू कशाला येतीस?” ते म्हणाले होते.

“रंग मी पसंत करणार,” ती म्हणाली होती.

गाडी गल्लीतून निघाली तशी गल्ली सरळ झाली. कोपऱ्यावरचं वळण दोन पावलं मागं गेलं. रस्ता दुभाजक उचलून डावीकडं ठेवत होता, आणि हेमलताच्या बाजूची माणसं, हातगाड्या, विजेचे खांब तिच्या दारापर्यंत येऊन तिच्याकडं पाहत होते. दार आत दबू लागलं. तिनं गुडघे एकमेकांना लावले.

हायवेला लागल्यावर बाहुबलींचा चेहरा खुलला. त्यांनी गिअर टाकला. गाडी ओरडली. खांब, फलक, मैलाचे दगड भराभर बाजूला होऊ लागले. ऊस भरलेली ट्रॉली उसासकट नाल्यात उतरली आणि गाडी गेल्यावर परत वर आली. हेमलताला त्यांच्या हाताला हात लावावासा वाटला. तेवढ्यात हॉटेलचा एक मोठा फलक, जेवण तयार आहे असं लिहिलेला, धापा टाकत बाजूला होता होता राहिला आणि तिच्या बाजूचा आरसा फाडकन उडाला.

“जरा हळू की राव,” फलक मागून म्हणाला.

“काय वाजलं?” बाहुबलींनी विचारलं.

“काही नाही,” हेमलता म्हणाली. “खडा उडाला.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचाच संशय आला. म्हणजे आपल्यालाही कुणीतरी सांगून ठेवलंय तर.

मुजावर यार्डाच्या फाटकात उभे होते. साठीचे, मेंदी लावलेल्या दाढीचे, बोलके. फौंड्रीच्या कामामुळं गेली पंचवीस वर्षं ते बाहुबलींना ओळखत होते. त्यांनी पुढं होऊन बाहुबलींचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

“या अण्णा. हा बघा—” ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. “ऐका, ऐका. माल लई आहे.”

सन्मती खोकला. हेमलतानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

“तुम्हालाही कळवलंय वाटतं,” ती म्हणाली.

“काय वैनी?”

“तेच.”

“तुम्ही पण काय वैनी, चेष्टा करताय,” मुजावर म्हणाले आणि दाढी खाजवत ट्रेलरकडं वळले.

पहिला ट्रेलर हलका होता, एकाच धुऱ्याचा, म्हणजे दोनच चाकांचा. “बुटक्या गाडीला हा लांब रॅम्पचा बरा,” मुजावर म्हणाले. “रॅम्प आखूड असला की चढताना नाक घासतंय. अण्णा, या सरळ! येऊ द्या, येऊ द्या! येऊ द्या!” ते घसा फाटेस्तोवर ओरडत होते. सन्मतीही ओरडत होता. बाहुबलींनी गाडी सोडली ती रॅम्पपासून हातभर डावीकडं. ट्रेलर “आलो आलो” म्हणाला, दोन्ही रॅम्प डावीकडं सरकले आणि बरोबर टायरांखाली जाऊन बसले. गाडी लोण्यासारखी वर गेली.

“वा!” सन्मती म्हणाला. “दादाचा हात काय बसलाय.”

“हाच घेऊया,” बाहुबली वरून म्हणाले.

“हा सरकला,” हेमलता म्हणाली.

मुजावरांनी खिशातून रुमाल काढला.

“एका धुऱ्याचा आहे न्हवं,” ते म्हणाले. “थोडा डुलतोय.”

दुसऱ्या ट्रेलरला पुढं विंच होतं. हूक अडकवायचा, कळ दाबायची, वायर गाडीला ओढून घेते. “आत कुणी बसायलाच नको दादा,” सन्मती म्हणाला. “तू आपला सावलीत चहा पीत उभा राहा.”

“म्हणजे चालवायचं नाही?” बाहुबलींनी विचारलं.

“चढवायचं नाही फक्त. ट्रॅकवर तूच की.”

“विंच नको,” हेमलता म्हणाली. “आजवर गाडी हेच चालवत आले. आजच काय झालं?”

हा प्रश्न तिनं सगळ्यांच्या मधोमध ठेवला. विंचची वायर आपसूक थोडी गुंडाळली गेली.

तिसरा ट्रेलर चारी बाजूंनी बंद, खोलीसारखा. आत दिवा, खाली न घसरणारा चेकर प्लेटचा पत्रा, पट्टे बांधायला कड्या. हेमलता आधीच आत जाऊन उभी राहिली होती. गाडी आत आली तशा ट्रेलरच्या भिंतींनी अंग चोरलं, आणि सगळी जागा गाडीला देऊन टाकली. हेमलता पत्र्यात आणि गाडीच्या दारात चपटी झाली. तिला वाटलं, आता आपणही साडीसारख्या इस्त्री होऊन निघणार. खिडकीतून बाहुबलींचा कान तिच्या नाकासमोर आला. त्या कानावर पांढरे केस उगवले होते. लग्नात ते नव्हते. तिला त्यांची इतकी माया आली की डोळे चुरचुरले. आणि त्याच वेळी वाटलं, या मायेपोटीच आपण एक दिवस कागद होऊ, आणि हे त्या कागदाची घडी घालून म्हणतील, काय दिवस आलेत.

“हेमा कुठं गेली?” बाहुबलींनी विचारलं. ती एक वीत अंतरावर होती.

“बाहेर आहेत वैनी,” सन्मती ओरडला. “रंग ठरवताहेत.”

बाहेर आल्यावर तिनं पदर झटकला आणि मुजावरांना विचारलं, “न सरकणारा एखादा आहे का?”

“न सरकणारा म्हणजे?”

“ठेवला तिथं राहणारा.”

मुजावरांनी सन्मतीकडं पाहिलं. सन्मतीनं किल्ल्या खुळखुळवल्या. मग मुजावरांची नजर नकळत यार्डाच्या कोपऱ्याकडं गेली आणि लगेच परत आली. हेमलता कोपऱ्याकडं निघाली.

तिथं बाभळीखाली एक जुना ट्रेलर होता. दोन धुऱ्यांचा, जाड लोखंडाचा, रंग उडालेला. तिन्ही ट्रेलरांनी जागा करताना यार्डातली पिंपं, टायरं, पत्रे इकडं ढकलले होते. ते सगळे याच्याभोवती दाटीनं उभे होते, पण हा होता तिथंच होता. हेमलतानं एक चप्पल काढून त्याच्या चाकाला लावून ठेवली.

“तो नको वैनी,” मुजावर पळत आले. “तो आडमुठा आहे. तीन गिऱ्हाइकांनी परत आणलाय. कुणाचं ऐकत नाही. गाडी त्याच्या मापानं चढवावी लागती.”

“सगळ्या ट्रेलरांचं असंच असतं.”

“पूर्वी असायचं,” मुजावर म्हणाले. ते एकदम थकल्यासारखे दिसले. “वैनी, पंचवीस वर्षांचा संबंध आहे आमचा. अण्णांच्या हातून या यार्डात कधी काही वाकडं झालं नाही. ते माझ्या दारात नको व्हायला.”

“कुणाच्या दारात व्हावं?”

सन्मती जवळ आला आणि तिच्या कानाशी म्हणाला, “वैनी, रविवारचं सोडा. यंदा जाऊ दे त्याला. मी ट्रॅकवाल्यांशी बोललोय. पहिल्या वळणावर माणूस उभा करतो म्हणालेत. शिट्टी वाजवायला.”

“आणि दुसऱ्या वळणावर?”

“तिथंपण सांगतो की.”

“तूच सांगत होतास तर सगळ्यांना,” ती म्हणाली.

“मी एकटा नाही,” सन्मती म्हणाला, आणि त्यानं जमिनीकडं पाहिलं. “घरात तर तुम्हीच सांगत होता वैनी.”

हेमलतानं चपलेकडं पाहिलं. ती चाकाला टेकून जशीच्या तशी होती. ट्रेलर केसाइतकाही हलला नव्हता.

“अहो,” तिनं हाक मारली. “गाडी इकडं आणा. हा चढवून बघूया.”

“बघूया” म्हटल्याबरोबर यार्डात कुठंतरी एक पत्रा खाली पडला. बाहुबली थांबले. मग “बरं,” म्हणाले आणि गाडीत बसले.

पिवळी गाडी हेमलताच्या आवाजाच्या दिशेनं वळली. वाटेतली पिंपं दोन्हीकडं झाली. टायरं गडगडत बाजूला गेली. मुजावरांची केबिन आतल्या टेबलखुर्चीसकट उठून कडेला झाली, आणि सगळं येऊन हेमलताच्या पाठीला भिडलं. तिला उभं राहायला एकच जागा उरली. ती ट्रेलरवर चढली आणि जिथं रॅम्प संपतात तिथं, मधोमध, गाडीकडं तोंड करून उभी राहिली.

“येऊ द्या, अण्णा—” मुजावरांनी सुरू केलं.

“गप्प,” हेमलता म्हणाली. “दोघंही गप्प. मी हात दाखवते.”

गाडी चढवताना समोर उभं राहून हातानं दाखवायचं, अशीच रीत असते. इंजिनाच्या आवाजात ओरडलेलं ऐकू जात नाही. त्या दिवशी यार्डात सकाळपासून एकानंही हात उचलला नव्हता.

तिनं उजवा हात वर केला आणि बोटं आपल्याकडं वाकवली. ये.

गाडी जागची हलली नाही. इंजिन गुरगुरत राहिलं.

“सांगा की,” बाहुबली आतून म्हणाले. “येऊ?”

मुजावर ओठ मिटून उभे होते. सन्मतीच्या मुठीत किल्ल्या होत्या आणि त्या वाजू नयेत म्हणून त्यानं मूठ पोटाशी दाबून धरली होती. हेमलतानं पुन्हा बोटं वाकवली. मग उजवीकडं दाखवलं. थोडं उजवीकडं घ्या. हातभर.

“काय झालं सगळ्यांना?” बाहुबली म्हणाले. त्यांनी गाडी सोडली.

उजवं टायर रॅम्पवर आलं. डावं टायर रॅम्पच्या बाहेर आलं. यार्डातल्या प्रत्येक वस्तूनं श्वास रोखला. पिंपं ट्रेलरला खुणावू लागली. पहिला ट्रेलर लांबून कुजबुजला, “अरे सरक की, काय जातंय तुझं?” आडमुठा ट्रेलर सरकला नाही.

गाडी एका अंगानं वर चढू लागली. पोट रॅम्पच्या कडेला खरवडत होतं आणि पिवळ्या रंगाचे पापुद्रे खाली पडत होते. डावं चाक जमीन सोडून अधांतरी झालं. हेमलतानं दोन्ही तळवे समोर धरले. थांबा. ते तिच्याकडंच तोंड करून येत होते. तिनं हात आणखी पुढं केले. थांबा, थांबा. गाडी येत राहिली.

तिचे पाय आपोआप बाजूला व्हायला निघाले. किती सराईतपणे निघाले, हे तिच्या लक्षात आलं. भिंतीला, स्टुलाला, रस्त्याला तिनं नावं ठेवली होती, पण या घरातली सगळ्यात आधी सरकलेली वस्तू तीच होती. तिनं पावलं लोखंडावर दाबून धरली. गाडीचं नाक तिच्या नडग्यांना लागलं. गरम होतं. मग ते तिला दाबू लागलं. ती हलली नाही.

इंजिन एक आचका देऊन बंद पडलं.

वर राहिलेलं चाक हवेत फिरत होतं. काचेतून बाहुबलींचा चेहरा दिसत होता. ते पुढं वाकले होते आणि तिच्यापासून दोन हात डावीकडं, जिथं फक्त बाभळीचा शेंडा होता, तिथं टक लावून होते.

“पुढं कुणीतरी आहे,” ते म्हणाले. “आणि ते सरकत नाही.”

सन्मतीनं तोंड उघडलं. हेमलतानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं ते मिटलं.

बाहुबलींनी खिडकीतून हात बाहेर काढला. तो हवेत थोडा फिरला, गाडीच्या नाकानं आखूड होऊन त्याला वाट दिली, आणि तो तिच्या निऱ्यांपाशी येऊन थांबला. त्यांनी ते कापड दोन बोटांत धरलं, चुरलं.

“हेमा,” ते म्हणाले, “मला दिसत नाही.”